ईमेल प्रोग्रॅम उघडताच इनबॉक्सऐवजी दुसरा फोल्डर समोर कसा आणायचा?

तिरकी_ओळ
सोमवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न फुटकळ आहे, पण त्यात दोन रविवार गेले म्हणून शेवटी धागा काढतेय.

ऑफिसात क्लासिक आउटलुक, घरी थंडरबर्ड. दोन्हीकडे मी 'आजचं' नावाचा एक फोल्डर केलाय. उद्या ज्यांना उत्तर द्यायचंच आहे अशा मेल्स संध्याकाळी निघताना त्यात टाकून जाते. कल्पना अशी, की सकाळी आल्या आल्या तो फोल्डर समोर दिसावा आणि सरळ कामाला लागावं. प्रत्यक्षात प्रोग्रॅम उघडतो तो इनबॉक्सवर. रात्रीत आलेल्या ठळक अक्षरांतल्या दहा-बारा ओळी दिसतात, 'एवढी एक बघते' म्हणत मी आत शिरते, आणि 'आजचं'ची आठवण येते तेव्हा अकरा वाजलेले असतात.

फोल्डरवर राइट-क्लिक करून पाहिलं. व्ह्यू मेनू पालथा घातला. थंडरबर्डमध्ये एका ठिकाणी 'सेट ॲज डिफॉल्ट' दिसलं, हरखून दाबलं, तर ते फोल्डरचं नव्हे, अकाउंटचं निघालं. आता दाबलंय त्याचं काय करायचं तेही सांगा.


कपाटकुलूप
सोमवार, सकाळी १०:४०

क्लासिक आउटलुकमध्ये सोय आहे, फक्त ती फोल्डरजवळ नाही म्हणून सापडत नाही. फाइल, मग ऑप्शन्स, मग डावीकडे ॲडव्हान्स्ड. उजवीकडे 'आउटलुक स्टार्ट अँड एक्झिट' असा भाग आहे. त्यात 'स्टार्ट आउटलुक इन धिस फोल्डर' आणि शेजारी ब्राउज. ब्राउज दाबलंत की सगळ्या फोल्डरांचं झाड उघडेल, 'आजचं' निवडा, ओके, ओके. परिणाम पुढच्या वेळी आउटलुक उघडाल तेव्हा दिसेल.

निवडताना एक बघा. एकापेक्षा जास्त अकाउंट असतील तर झाडात तितके इनबॉक्स असतात. घाईत भलत्याच अकाउंटखालचा फोल्डर निवडला जातो.

आणि त्याच भागात 'बाहेर पडताना डिलीटेड आयटम्स रिकामा करा' अशी एक चौकट आहे. चुकून तिच्यावर टिक करू नका. मी एकदा केली होती. कचरापेटीचा कपाटासारखा वापर करायची सवय त्या दिवशी सुटली.


तिरकी_ओळ
सोमवार, सकाळी १०:५८

झालं! बंद करून उघडलं, 'आजचं' समोर. मी हे सगळं मेल आणि व्ह्यू या दोन मेनूंत शोधत होते, ॲडव्हान्स्डकडे जायची हिंमतच केली नव्हती. शतशः आभार.

आता थंडरबर्ड?


रात्रपाळी
सोमवार, दुपारी १:२०

थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये 'अमुक फोल्डर उघड' असा पर्यायच नाही, त्यामुळे शोधूनही सापडला नसता. त्याची रीत वेगळी आहे. बंद करताना तुम्ही ज्या फोल्डरवर असता, पुढच्या वेळी तो तिथेच उघडतो. ही आठवण प्रोफाइलच्या फोल्डरमधल्या सेशन डॉट जेसन नावाच्या फाइलमध्ये राहते. उघडे टॅबसुद्धा तिथेच नोंदलेले असतात.

म्हणजे रात्री बंद करण्यापूर्वी 'आजचं'वर एक क्लिक. बस. विसरायला होत असेल तर 'आजचं'वर राइट-क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि टॅब तसाच ठेवा. पुढच्या वेळी तो टॅब जागेवर असेल, मग पहिल्या टॅबमध्ये इनबॉक्स का असेना.

तिसरा उपाय माझा स्वतःचा. हवे तेवढेच फोल्डर राइट-क्लिक करून फेव्हरिट करायचे, आणि व्ह्यू मेनूतल्या फोल्डर्समध्ये जाऊन डाव्या पट्टीत फक्त फेव्हरिट दाखवायला सांगायचं. माझ्या पट्टीत चार नावं आहेत. इनबॉक्स त्यात चौथा.

पूर्वी असल्या कामांसाठी छोटे ॲड-ऑन मिळायचे. २०२० मध्ये थंडरबर्ड ७८ आलं आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले ॲड-ऑन चालेनासे झाले. तेव्हा एखाद्या जुन्या लेखात 'हा ॲड-ऑन टाका' असं वाचलंत तर आधी त्या लेखाचं साल बघा.


उंटावरचा_शहाणा
सोमवार, दुपारी २:०५

माझं मत विचारलं नाहीये, तरी देतो. इनबॉक्स नजरेआड केला म्हणजे आत आलेल्या मेल्स नाहीशा होत नाहीत. मांजर डोळे मिटून दूध पितं तसलं हे. त्यापेक्षा इनबॉक्सच रिकामा ठेवायची सवय लावा, कुठला फोल्डर उघडतो हा प्रश्नच उरणार नाही.


तिरकी_ओळ
सोमवार, दुपारी २:११

शहाणे, मला इनबॉक्स लपवायचा नाहीये, तासभर उशिरा बघायचाय. आणि रिकामा ठेवायची सवय लागली असती तर हा धागा निघाला असता का?


जुना_टंकलेखक
सोमवार, रात्री ९:३०

शहाण्यांचं सोडा. प्रत्येक प्रोग्रॅम इनबॉक्सच का उघडतो, हा प्रश्न मला जास्त गमतीचा वाटतो.

आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) ज्या नियमांवर चालतो त्यात (आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, क्रमांक ३५०१, साल २००३) राखून ठेवलेलं फोल्डरचं नाव एकच आहे, इनबॉक्स. ते लहान लिपीत लिहा की मोठ्या, सर्व्हर त्याला एकच समजतो. 'पाठवलेले', 'मसुदे', 'कचरा' ही नावं प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठेवलेली. कुठला फोल्डर कशासाठी आहे हे सर्व्हरने प्रोग्रॅमला खुणेने सांगायची रीत २०११ मध्ये आली, आरएफसी ६१५४. पॉप-३ मध्ये (मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायची दुसरी पद्धत) तर फोल्डर ही भानगडच नाही, एक पेटी आणि तिच्यातली पत्रं. तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला खात्रीने उघडता येईल असा फोल्डर एकच होता, आणि तोच सगळ्यांनी उघडला. ज्यांनी आउटलुक एक्स्प्रेस वापरलंय त्यांना आठवेल, त्याच्या ऑप्शन्समध्ये 'सुरू होताच थेट इनबॉक्सवर जा' अशी एक चौकट होती. टिक नसेल तर स्वागताचं पान, टिक असेल तर इनबॉक्स. तिसरा रस्ता नाही.

मी अजून मट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालणारा ईमेल प्रोग्रॅम वापरतो. (हसा.) त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये 'सेट स्पूलफाइल' म्हणून एक ओळ असते, तिथे ज्या फोल्डरचं नाव द्याल तो सुरुवातीला उघडतो. एखाद्या दिवसापुरता वेगळा हवा असेल तर आज्ञेपुढे हायफन एफ आणि फोल्डरचं नाव. हायफन छोटा वाय दिला तर थेट फोल्डर न उघडता आधी यादी समोर येते, जिथे जायचंय तिथे जा. आणि माझा लाडका, हायफन मोठा झेड. ज्या फोल्डरांवर लक्ष ठेवायला सांगितलंय त्यांतला नवी मेल असलेला पहिला फोल्डर उघडतो. कुठेच काही नवं नसेल तर मट उघडतच नाही, आल्या पावली परत. प्रोग्रॅमने 'तुझ्यासाठी काही नाही, जा' म्हणावं याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

(इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, टंकताना अर्थात रोमन अक्षरं.)

तिरकीताई, तुमच्या फोल्डरचं नाव देवनागरीत आहे म्हणून एक इशारा. आयमॅपच्या जुन्या नियमांत रोमनबाहेरची नावं एका खास सांकेतिक रूपात साठवली जातात. अँडच्या चिन्हाने सुरू होऊन वजाच्या चिन्हाने संपणारी निरर्थक अक्षरांची माळ. प्रोग्रॅम ती उलगडून आपल्याला 'आजचं' दाखवतो. पण सर्व्हरच्या नोंदींमध्ये किंवा एखाद्या स्क्रिप्टमध्ये नाव शोधायला गेलात तर ही माळ भेटेल. फोल्डर हरवला म्हणून घाबरू नका.


चष्मा_विसरला
मंगळवार, सकाळी ९:१५

धागा पळवतोय, माफी असावी. माझं दुखणं उलटं आहे. मला इनबॉक्सच हवाय आणि आउटलुक दर वेळी कॅलेंडर उघडतं. कपाटकुलूप यांनी सांगितलेल्या जागी जाऊन पाहिलं, तिथे इनबॉक्सच लिहिलेला आहे. ब्राउज करून पुन्हा निवडला. मशीन बंद-चालू केलं. ढिम्म.


कपाटकुलूप
मंगळवार, सकाळी ९:३२

आउटलुक उघडता कुठून? टास्कबारवरून की स्टार्ट मेनूतून? दुसऱ्या ठिकाणाहून उघडून बघा आणि सांगा.


चष्मा_विसरला
मंगळवार, सकाळी ९:४१

टास्कबारवरून. आत्ता स्टार्ट मेनूतून उघडलं तर इनबॉक्स आला!! हे काय गौडबंगाल?


कपाटकुलूप
मंगळवार, सकाळी ९:५५

मग दोष शॉर्टकटमध्ये. टास्कबारवरच्या चिन्हावर राइट-क्लिक करा. जी छोटी यादी उघडेल तिच्यात आउटलुक हे नाव असेल, त्यावर पुन्हा राइट-क्लिक, मग प्रॉपर्टीज. शॉर्टकट टॅबमध्ये टार्गेट नावाची चौकट आहे. तिच्यातली ओळ शेवटपर्यंत वाचा, ती लांब असते आणि शेपूट चौकटीबाहेर राहतं, एंड की दाबा. शेवटी 'स्लॅश सिलेक्ट' आणि पुढे 'आउटलुक कोलन कॅलेंडर' असं काही दिसतंय का?


चष्मा_विसरला
मंगळवार, सकाळी १०:०८

आहे. अगदी हेच आहे. आणि ते तिथे कुणी घातलं तेही आठवलं. मीच. गेल्या वर्षी रोज तीन-तीन मीटिंगा असायच्या तेव्हा कुठल्याशा लेखात वाचून केलं होतं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन विसरून गेलो होतो. शेपूट कापलं. इनबॉक्स आला. नाव सार्थ केलं म्हणायचं.


कपाटकुलूप
मंगळवार, सकाळी १०:२०

:)

बाकीच्यांसाठी खुलासा. शॉर्टकटमध्ये सिलेक्ट दिलं की त्या शॉर्टकटपुरतं तेच चालतं, ऑप्शन्समध्ये काय लिहिलंय ते बाजूला राहतं. याचा सरळ उपयोगही आहे. दोन शॉर्टकट करायचे, एक साधा, एक कॅलेंडरचा, आणि लागेल तो दाबायचा. मात्र आउटलुक आधीच चालू असेल तर सिलेक्टमुळे दुसरी खिडकी उघडते. ती नको असेल तर 'स्लॅश रिसायकल' जोडा, म्हणजे उघडी खिडकीच वापरली जाते.

दोन खिडक्या हव्याच असतील तर तेही जमतं. कॅलेंडरवर राइट-क्लिक करून नव्या खिडकीत उघडा आणि संध्याकाळी फुलीवर न जाता फाइल मेनूतल्या एक्झिटने बाहेर पडा. सकाळी दोन्ही खिडक्या हजर. फुल्या मारत गेलात तर शेवटी बंद केलेली तेवढी लक्षात राहते.


वाटसरू_सात
मंगळवार, दुपारी ४:००

मूलभूत शंका. इनबॉक्स उघडलाच नाही तर नव्या मेल्स येतील का? आणि थंडरबर्डमधले माझे फिल्टर इनबॉक्सवर चालतात, ते चालतील का?


रात्रपाळी
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

येतील आणि चालतील. कुठला फोल्डर समोर आहे आणि कुठल्या फोल्डरची मेल आणली जाते या दोन वेगळ्या गोष्टी. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज इथे 'सुरू होताना नव्या मेल्स तपास' अशी चौकट आहे. ती टिक असली की इनबॉक्स तपासला जातो, मग तुम्ही कुठेही बसलेले असा. फिल्टरही त्याच वेळी चालतात.

गोम उलटीकडे आहे. तुमचा फिल्टर थंडरबर्डमध्ये नसून सर्व्हरवर असेल तर मेल इनबॉक्सला न शिवता परस्पर दुसऱ्या फोल्डरात पडते. त्या फोल्डरवर क्लिक करेपर्यंत थंडरबर्डला पत्ताही लागत नाही. त्यासाठी फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'या अकाउंटच्या नव्या मेल्स आणताना हा फोल्डर नेहमी तपास' यावर टिक. ही एक टिक नसल्यामुळे माझं एक पत्र पंधरा दिवस पडून होतं, आणि मी समोरच्याला 'तुमची मेलच आली नाही' असं ठणकावून सांगत होतो.


तिरकी_ओळ
बुधवार, सकाळी ११:४५

लाजिरवाणा किस्सा. कपाटकुलूप, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात इशारा दिला होतात, मी वाचून पुढे गेले.

ऑफिसच्या आउटलुकमध्ये माझं खाजगी अकाउंटही जोडलेलं आहे, आणि 'आजचं' दोन्ही अकाउंटांखाली आहे. मी निवडला तो खाजगीखालचा. दोन दिवस कळलंच नाही, कारण सोमवारी ऑफिसच्या कामाच्या तीन मेल्स मी खाजगीत फॉरवर्ड करून ठेवल्या होत्या आणि नेमक्या त्याच दिसत होत्या. आज सकाळी आउटलुक उघडलं, समोर 'आजचं', न्यू ईमेल दाबलं, एका बाहेरच्या मंडळींना चांगली दीड पानी औपचारिक मेल लिहिली आणि पाठवली.

ती गेली माझ्या खाजगी पत्त्यावरून. तो पत्ता मी कॉलेजात असताना काढलेला. कसा आहे ते इथे सांगत नाही.

त्यांचं उत्तर आलं, 'आपण नक्की कोण?'

फोल्डर बदलल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता कसा काय बदलतो?


रात्रपाळी
बुधवार, दुपारी १२:३०

आई गं.

बदलतो. नवी मेल लिहायला घेतली की समोर उघडलेला फोल्डर ज्या अकाउंटचा, त्याच अकाउंटचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालायचा, अशी आउटलुकची पद्धत. इनबॉक्सवर उघडायचं तेव्हा ऑफिसचं अकाउंट आपोआप लागायचं, म्हणून हे कधी जाणवलं नाही. फाइल, ऑप्शन्स, मेल इथे खाली 'सेंड मेसेजेस' भागात 'नवी मेल लिहिताना नेहमी डिफॉल्ट अकाउंट वापर' अशा अर्थाची चौकट आहे, तिच्यावर टिक करा. डिफॉल्ट अकाउंट ऑफिसचंच आहे ना हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

थंडरबर्डमध्येही चाल तीच. आणि तिथे 'लोकल फोल्डर्स' म्हणून एक गट असतो, जो कुठल्याच मेल अकाउंटचा नाही. त्यातल्या फोल्डरवर उभे राहून नवी मेल लिहायला घेतलीत तर डिफॉल्ट अकाउंटचा पत्ता लागतो. तुम्ही सोमवारी 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबलं होतं म्हणालात. ते कुठल्या अकाउंटवर दाबलं होतं?


तिरकी_ओळ
बुधवार, दुपारी १२:३४

त्याच कॉलेजच्या अकाउंटवर :(


उंटावरचा_शहाणा
बुधवार, दुपारी १२:५०

मी काही बोलत नाहीये.


दुपारची_झोप
बुधवार, दुपारी ३:१५

मी प्रोग्रॅमबिग्रॅम काही वापरत नाही, ब्राउझरमधलं जीमेल. तिथे तर फार सोपं. जो लेबल उघडाल त्याचं नाव वरच्या पत्त्यात हॅशच्या चिन्हानंतर येतं. लेबल उघडा आणि ते पान बुकमार्क करा, झालं. रोज त्या बुकमार्कवरूनच शिरायचं. शोधाचंही तसंच. न वाचलेल्या मेल्स शोधा आणि तो निकाल बुकमार्क करा. दोन अकाउंट असतील तर पत्त्यात 'यू' नंतर शून्य किंवा एक असतं. तो क्रम तुम्ही कुठल्या अकाउंटने आधी लॉगिन केलंत त्यावर ठरतो, तेव्हा सगळीकडून लॉगआउट होऊन परत आलात तर बुकमार्क भलत्या घरात नेईल.

फोनवर के-नाइन मेल आहे. त्यात अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये फोल्डर्सखाली, अकाउंट उघडताच कुठला फोल्डर उघडायचा ते निवडता येतं. आणि सगळ्या अकाउंटांचा एकत्र इनबॉक्स आधी दाखवायचा की नाही हेही, पण ते जनरल सेटिंग्जमध्ये.


पानगळ
बुधवार, रात्री ८:४०

लिनक्सवर केमेल वापरणारं कुणी असेल तर: कॉन्फिगर केमेल, मिसलेनियस, फोल्डर्स टॅब, 'सुरू होताना हा फोल्डर उघड'. सरळ पर्याय, एका ओळीत विषय संपला.


तिरकी_ओळ
शुक्रवार, सकाळी ९:२०

सगळ्यांना शेवटचा अहवाल.

ऑफिसच्या आउटलुकमध्ये ऑफिसच्याच अकाउंटखालचा 'आजचं' लावला. ब्राउजमध्ये निवडताना वरच्या अकाउंटचं नाव मोठ्याने वाचलं, शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. खाजगीखालच्या फोल्डरचं नाव बदलून 'घरचं' केलं, म्हणजे पुन्हा घोळ नको. डिफॉल्ट अकाउंटची टिक केली, आणि स्वतःलाच एक मेल पाठवून 'फ्रॉम' तपासला.

थंडरबर्डमध्ये डिफॉल्ट पूर्ववत. फोल्डर टॅबमध्ये ठेवलाय. पट्टीत फक्त फेव्हरिट दाखवायची युक्तीही करून पाहिली, पण 'सेंट' दिसेना तर मला हात बांधल्यासारखं झालं, ती सोडली.

ज्यांनी 'आपण कोण' विचारलं होतं त्यांना ऑफिसच्या पत्त्यावरून पुन्हा लिहिलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. जुन्या पत्त्याचा उल्लेख त्यांनी केला नाही, मीही केला नाही.

आज 'आजचं'मध्ये चौदा मेल्स आहेत. त्यातल्या तीन मंगळवारच्या.